चमचाभर विरजण

एका टेकडीच्या पायथ्याला, करवंदीच्या दाट जाळीखाली, सशांचे एक मोठे बिऱ्हाड नांदत होते. लहानमोठी मिळून बावीस तोंडे आणि चूल एकच. ती चूल एक म्हातारी सशीण सांभाळत असे. सगळे तिला आत्या म्हणत. तिचा मागचा एक पाय अधू होता, म्हणून ती रानात जात नसे. बाकीचे ससे पहाटे गरम जेवून हरभऱ्याच्या शेताकडे निघत आणि राखणीचा कुत्रा उठायच्या आत पाला घेऊन परत येत.

मुलांनो, आत्या काय करीत असे ते नीट ऐका, कारण त्या घरात कोणी ते नीट पाहिलेच नव्हते. दिवस कलला की ती एक मोठा निखारा राखेखाली झाकून ठेवी, म्हणजे सकाळी फुंकर घातली की विस्तव तयार. बारीक काटक्या चुलीच्या कडेला सुकत घाली. आज भिजवलेली मटकी उद्या उपसून फडक्यात बांधायची, तेव्हा कुठे परवा तिला मोड येणार. म्हणून एक भांडे भिजत आणि एक पुरचुंडी बांधलेली, अशी तिची कायमची तयारी असे. शेजारची शेळी लोटाभर दूध देई, त्याला ती विरजण लावी. सकाळी दह्याच्या भांड्याला कोणी हात लावण्याआधी चमचाभर दही बाजूला काढून ठेवी, पुढच्या विरजणासाठी. डाव धुऊन त्याच्याच खुंटीला अडकवी आणि मग कुठे टेकत असे.

हिवाळा सरत आला, हरभरा वाळू लागला आणि पाला कमी मिळू लागला. एका संध्याकाळी, आत्याचे दुसऱ्या दिवसाचे सगळे आवरून झाल्यावर, घरचा कर्ता ससा तिच्यापुढे येऊन उभा राहिला. याच सशाला त्याची आई गेल्यावर आत्याने घास भरवून वाढवले होते. तो म्हणाला, "आत्या, आम्ही पहाटेपासून पळतो. तू चुलीपाशी ऊब घेत बसलेली असतेस. बसून खाणारे तोंड आता या घराला झेपत नाही. तू आपली सोय दुसरीकडे बघ." त्याची बायको म्हणाली की स्वयंपाक ती करील, त्यात आहे काय, चूल पेटवायची आणि भांडे चढवायचे.

आत्याने वाद घातला नाही. तिने आपले गाठोडे बांधले. पुढे त्यांनी जे केले ते सांगताना अजूनही माझा राग जात नाही. दारात तिला थांबवून त्यांनी ते गाठोडे सोडून पाहिले. सगळे आयुष्य ज्या घराच्या चुलीपाशी गेले, तिथे म्हातारपणी ही झडती! आत एक फाटकी गोधडी निघाली आणि झाकणाची एक इवलीशी वाटी, तिच्यात चमचाभर दही. कर्त्याची सशीण हसली. "न्या हो आत्या, एवढ्याने काही आम्ही उपाशी मरत नाही." आत्या लंगडत शेळीकडे गेली. शेळीने काही न विचारता तिला आपल्या कपारीत जागा दिली.

दुसऱ्या सकाळी सशिणीने राख सारली तर निखारा लालबुंद. काटक्या कोरड्या, मटकीला लांब मोड, दही घट्ट, डाव खुंटीला. जेवण नेहमीपेक्षा लवकरच झाले. कर्ता ससा मिशा पुसत म्हणाला, "बघा, आत्यावाचून काय अडले?" सगळे हसले आणि दह्याचे भांडे चाटूनपुसून लख्ख केले. ते आत्याच्याच हातचे जेवत होते आणि आत्यालाच हसत होते.

त्याच्या पुढच्या सकाळी राख गार होती. गारगोट्या घासून पंजे सोलवटले, पण दवाने भिजलेल्या काटक्या पेट घेईनात. भिजवलेली मटकी कोणी उपसली नव्हती. तिला फेस येऊन आंबूस वास सुटला होता. दूध होते, पण विरजण नव्हते, आणि ते नासून गेले. डाव कुठे ठेवला यावरून घरभर भांडण झाले, तो शेवटी पाण्याच्या माठामागे सापडला. पिल्ले उपाशी रडत राहिली. ससे निघाले तेव्हा ऊन चढले होते आणि कुत्रा जागा होता. सगळे रिकाम्या हाताने पळत आले. कर्त्या सशाचा तर कान फाटला. त्यानंतरच्या सकाळीही चूल पेटली नाही.

तेव्हा कर्ता ससा शेळीच्या कपारीशी जाऊन मान खाली घालून उभा राहिला. शेळी त्याला म्हणाली, "जिचे गाठोडे दारात सोडून पाहिलेस, तिलाच न्यायला आलास? लाज तेव्हा वाटायला हवी होती, कान फाटल्यावर नव्हे."

ससा म्हणाला, "चुकलो आत्या. घरी चल."

"भूक लागली म्हणून आलास, तेही मला कळते," आत्या सावकाश म्हणाली. मग तिने विचारले की पिल्ले जेवली का. सशाने नकारार्थी मान हलवली. आत्या उठली. "येते. पण माझे गाठोडे जिथे सोडलेत, तिथेच सगळ्यांसमोर पुन्हा सोडायचे."

तसे झाले. दारात बावीस जण गोळा झाले. गोधडीच्या घडीतून आत्याने ती इवलीशी वाटी काढली. रोज शेळीच्या दुधाचे दोन थेंब घालून तिने ते दही जगवले होते.

"हे मी चोरले नव्हते," ती म्हणाली. "हे तुमचे उद्याचे होते."

त्या दिवशी जी हसली होती, त्याच सशिणीने खाली मान घालून दुधाचे भांडे पुढे धरले. आत्याने विरजण लावले. सकाळी दही लागले, आणि कोणी हात लावण्याआधी सशिणीने आपणहून चमचाभर बाजूला काढून ठेवले. गाठोडे सोडल्याबद्दल मात्र आत्याची कधी कोणी शब्दाने माफी मागितली नाही, आणि तिनेही तो विषय काढला नाही.

तात्पर्य : आज आपल्या पानात जे गरम वाढले जाते, त्यासाठी कोणीतरी कालच राबलेले असते. ते हात दिसत नसतील तर निदान त्यांना बसून खाणारे म्हणू नये.