ठिपकी मुंगीचा अडकलेला साखरफुटाणा

एवढीशी होती एक मुंगी. तिचं नाव ठिपकी. आज तिच्या बाळाचं उष्टावण होतं. म्हणजे बाळाचा पहिला गोड घास!

इंदुकाकूंच्या प्रसादाचा साखरफुटाणा ठिपकीला मिळाला. ती निघाली तुरुतुरु तुरुतुरु. वाटेत फुटाणा निसटला. टुण टुण टुण! गेला काकूंच्या म्हाताऱ्या गाडीखाली. चाकापाशी खड्डा होता, त्यात चाकाला टेकून अडकला.

ठिपकीने ओढला. हुश्श! निघेना.

"चाकदादा, चाकदादा, सरक ना!
फुटाणा सुटेना, बाळ जेवेना!"

चाक म्हणालं, "मी तर नुसता गोल भोपळा! गिअर ढकलेल, तर मी फिरेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"गिअरमामा, गिअरमामा, ढकल ना!
चाक फिरेना,
फुटाणा सुटेना, बाळ जेवेना!"

गिअर म्हणाला, "खट्! मी नुसता दात दाखवतो. क्लच धरेल, तर मी ढकलेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"क्लचकाका, क्लचकाका, धर ना!
गिअर ढकलेना, चाक फिरेना,
फुटाणा सुटेना, बाळ जेवेना!"

क्लच म्हणाला, "घुर्रर्र! माझी प्लेट झिजली. आता माझं तोंडच चालतं. मिस्त्री नवी प्लेट बसवेल, तर मी धरेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

शौकतमिस्त्री गाडीशेजारीच बसले होते. नवी प्लेट मांडीवर. डोळे पेंगुळलेले.

"मिस्त्रीचाचा, मिस्त्रीचाचा, उठा ना!
क्लच धरेना, गिअर ढकलेना, चाक फिरेना,
फुटाणा सुटेना, बाळ जेवेना!"

मिस्त्री म्हणाले, "हाऽऽऽ! बिनचहाचा मी म्हणजे मीच बंद गाडी! काकू चहा देतील, तर मी हलेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

काकू देवापुढे बसल्या होत्या.

"इंदुकाकू, इंदुकाकू, चहा करा ना!
मिस्त्री हलेना,
क्लच धरेना, गिअर ढकलेना, चाक फिरेना,
फुटाणा सुटेना, बाळ जेवेना!"

काकू म्हणाल्या, "छे गं बाई! माझा नवस आहे. गाडी चालेपर्यंत चहा बंद! गाडीला हळदकुंकू लावलं. लिंबू बांधलं. नारळ फोडला. तरी ढिम्म! आता गाडी चालेल, तर मी चहा करेन."

ठिपकी तिथेच बसली. मिशा हलवत म्हणाली,
"काकू, नवस कोणाचा?"
"माझा."
"मग चहावाचून बसलंय कोण?"
"शौकतमि... अग्गोबाई!"

काकूंनी कपाळाला हात लावला.
"नवस केला मी, आणि उपास घडला मिस्त्रीला! बाप्पा, कसली रे तुझी ही वेडी भक्तीण! न पिण्याचा नेम माझा. दुसऱ्याला करून द्यायला काय झालं?"

काकू उठल्या लगबगा. आलं ठेचलं. ठक ठक!

चहा उकळला. बुडबुड बुडबुड!
मिस्त्री प्याले. फुर्रर्र! "काकू, आता जीव आला बघा!"
मिस्त्री हलले. खाडखूड खाडखूड!
जुनी प्लेट निघाली, नवी बसली.
काकूंनी किल्ली फिरवली. घूं घूं घूं!
क्लचने धरलं. गच्च!
गिअरने ढकललं. खट्!
चाक फिरलं. गर्रर्र!
फुटाणा सुटला. टुणुक!

ठिपकी फुटाणा घेऊन धावली तुरुतुरु तुरुतुरु, थेट बिळात. बाळाने फुटाणा चाटला. चाट चाट चाट! बाळ हसलं.

इकडे काकूंनी कप तोंडाला लावला. फुर्रर्र! काकूही हसल्या. "बाई गं, आज माझंही उष्टावण!"

गाडी लागली चालायला,
गोड घास बाळाला,
आणि गरम चहा काकूंना!