रिकाम्या हातांनी आलेले

पूर्वी अश्मक देशात राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी गोदावरीतीरी नावाड्याच्या कुळात जन्म घेतला होता. त्यांची होडी जुनी होती. ती माणसांपेक्षा पाणीच जास्त वाहते, अशी गावात थट्टा चाले.

एके दिवशी दुपारी पैलतीरी बारा माणसे येऊन थांबली. सहा वर्षांपूर्वी वर्षभराच्या बोलीवर दगडाच्या खाणीत गेलेले हे गावकरीच होते. खाण खचली आणि त्यांना हाकलून दिले गेले. समोर आपापल्या घरांचा धूर दिसत होता, पण बोधिसत्त्वांनी होडी तिथे आणून लावली तरी तीत कोणी पाऊल ठेवीना. कोणी बसे, कोणी उठे, कोणी उगाच पाण्यापर्यंत जाऊन मागे फिरे. परमुलखातून परतणाऱ्याने नवे वस्त्र नेसून, घरच्यांसाठी काही हाती घेऊनच नदी ओलांडायची, अशी त्या गावाची रीत होती. यांच्या अंगावर तर चिंध्या होत्या.

ही रीत खाणींसाठी मजूर जमवणाऱ्या कालक नावाच्या मुकादमाला चांगली ठाऊक होती. तो वडाखाली कोरी वस्त्रे आणि गुळाच्या ढेपा मांडून बसला होता. त्याची बोली अशी: कबुली म्हणून ओल्या मातीच्या पाटीवर पंजा उमटवायचा, वस्त्र आणि गूळ घ्यायचा, चार दिवस घरी मिरवायचे आणि मग त्याच्या दुसऱ्या खाणीत वर्षभर राबायचे.

"दादा, मागच्या खेपेलाही एकच वर्ष म्हणाले होते," सोण नावाचा तरुण नावाड्याला म्हणाला. "पण आईपुढं असा कसा जाऊ?"

बोधिसत्त्वांच्या जिवाची तगमग झाली. सहा वर्षांपूर्वी याच होडीतून त्यांनी या सगळ्यांना हसतहसत पलीकडे सोडले होते.

कालकाने बोधिसत्त्वांना बाजूला घेतले. "आज गावात काही बोलू नकोस. सागाची नवी होडी देतो तुला."

"होडी मला हवीच आहे," बोधिसत्त्व म्हणाले. "पण मग तिच्यातून पुन्हा यांनाच इकडं आणावं लागेल."

ते रिकामी होडी घेऊन, पाणी उपसत गावाकडे परतले. घरोघर जाऊन त्यांनी सांगितले, "तुमची माणसं आली आहेत. लाजेनं पलीकडं अडली आहेत. पाय धुवायला पाणी घेऊन चला."

पहिल्याच खेपेला सोणची आई सुमना कळशी घेऊन चढली. तिला फारसे दिसत नव्हते. ती वडाखाली पोहोचली तेव्हा सोणचा पंजा ओल्या मातीवर टेकणारच होता. तिने चाचपडत तो हात धरला.

"आई, रिकाम्या हातानं आलोय गं."

तिने त्याची बोटे एकेक करून चाचपली. दोन नव्हती.

"राहिलेला हात आणलास ना," ती म्हणाली. "चल घरी."

तिने त्याच्या पायांवर पाणी घातले. मग एकेकाच्या घरचे येत गेले आणि कालकाची पाटी कोरीच वाळली.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सोण म्हणजे संघ सोडून गेलेला आणि आज तीन दिवस विहाराच्या दाराशी घुटमळणारा तुमचा सोबती. तेव्हाची सुमना म्हणजे त्याला रोज भिक्षा वाढणारी उपासिका. नावाडी मीच होतो. परतलेल्याच्या हातात काय आहे हे न पाहता त्याला घरी पोहोचवणे, ही करुणा."

तेव्हा एक वृद्ध भिक्षू उठला आणि पाण्याचे भांडे घेऊन दाराकडे गेला.