एका हौदाचे दोन काठ

एकदा एका डोंगरपायथ्याच्या गावात दोन भाऊ हातकागद बनवीत असत. अंबाडीच्या लगद्याने भरलेल्या एकाच हौदावर, समोरासमोरच्या काठांशी बसून दोघे आपापला जाळीचा साचा पाण्यात बुडवीत, हलवीत आणि उचलीत. घराच्या वाटणीवरून त्यांच्यात अबोला पडला, तो थेट थोरल्याच्या मरणापर्यंत टिकला.

भावाच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी उरकून धाकटा यासीन कामावर परतला, आणि त्याचा कागद बिघडू लागला. एका कडेला जाड, तर दुसरीकडे इतका विरळ, की बोट आरपार जावे.

अखेर तो वृद्ध उस्तादांकडे गेला. दोघा भावांना हे काम त्यांनीच शिकवले होते.

"उस्ताद, हात गेला माझा. साचा ठेवतो खाली. शहरात हमाली करीन."

"बघू? आहे की जागेवर! भाऊ आठवतो का रे?"

"तो? इतकी वर्षं एक शब्द नाही बोललो आम्ही. असला काय नि नसला काय!"

उस्तादांनी अंबाडीचे दोन तंतू एका काडीला बांधले आणि ती काडी पाटाच्या वाहत्या पाण्यात आडवी धरली. तंतू आपापल्या चालीने वळवळू लागले. मग उस्तादांनी गाठी सरकवून त्यांना जवळ आणले. हळूहळू दोघेही एकाच वेळी डावीकडे, एकाच वेळी उजवीकडे डुलू लागले.

"एकमेकांना चिकटलेत का?"

"नाही. मधे बोटभर जागा आहे."

"जागा नाही, पाणी आहे. एक हलला की पाणी हलतं, आणि पाणी दुसऱ्याला हलवतं. तुम्ही तोंडं फिरवलीत, बाळा, पण हौद एकच होता. त्याच्या साच्याची लाट तुझ्याकडे यायची, तुझी त्याच्याकडे. त्या लाटेवर तुमचे हात चालायचे. तुला ते कळलं नाही, त्यालाही नाही. तुझा हात अजून ती लाट शोधतोय."

"मग आता?"

"आता एकट्याच्या पाण्यावर शिकायचं. ते मला शिकवता येणार नाही."

सकाळी यासीन हौदावर बसला. त्याने साचा बुडवला, हलवला. क्षणभराने समोरून एक लाट आली.

अबोला धरल्यापासून प्रथमच त्याने मान वर करून त्या काठाकडे पाहिले. तिथे कोणी नव्हते. पलीकडच्या दगडावर आपटून त्याचीच लाट परत आली होती.