यक्षचौकातले खडे

शंखपुरावर उग्रायुध राजाचे शासन होते, त्या काळी बोधिसत्त्व अमात्यकुळात जन्मला होता. त्याचे नाव मतिवर्धन. राजाची मुद्रा त्याच्या हाती असे, आणि कोणत्याही आज्ञेवर ती उमटवण्यापूर्वी तो एकच प्रश्न विचारी : "ही आज्ञा ज्यांना पाळायची आहे, त्यांना कोणी विचारले आहे का?" राजसभेतले लोक या प्रश्नाला हसत. राजा हसत नसे. पण कंटाळत असे.

त्या नगराची एक जुनी रीत होती. जेवणाआधी प्रत्येक घरातून कुत्र्यासाठी पहिला घास काढून ठेवत. यक्षाच्या मूर्तीपुढे ठेवलेला घास कुत्र्याने खाल्ला की पितरांपर्यंत पोचतो, अशी लोकांची श्रद्धा होती. यक्षाची मूर्ती पुष्करिणीच्या पायऱ्यांलगतच्या चौकात होती, आणि पाणी भरायला येणारे जाताजाता तिथे घास ठेवून जात.

विणकरांच्या आळीत धनिष्ठा नावाची विधवा राही. तिला चित्रा ही एकच कन्या. एका ग्रीष्मात चित्रा पाण्याला गेली असता चौकात कुत्र्यांची झुंज लागली आणि त्यांतले एक पिसाळलेले कुत्रे तिला चावले. व्रण भरून आला. मग एके दिवशी पोरीने पाण्याचा पेला दूर लोटला, आणि वैद्यांनी मान खाली घातली. चित्रेसाठी मागावर घातलेले तांबडे वस्त्र अर्धवटच राहिले. धनिष्ठेने ते पुरे केले नाही आणि उतरवलेही नाही.

ती राजसभेत गेली. "महाराज, माझी पोर गेली. या नगरात एकही कुत्रे जिवंत दिसता कामा नये."

राजाचे डोळे भरून आले. अमावास्येच्या आत नगरातली सारी कुत्री मारावीत, अशी आज्ञा त्याने तिथल्या तिथे लिहवली. मतिवर्धनाने ती वाचली आणि मुद्रा मुठीतच ठेवली.

"महाराज, या मातेचे दुःख खरे आहे. पण नगराला अजून कोणी विचारलेले नाही."

"पोर मेली, अमात्य! तुमच्या प्रश्नासाठी ती थांबली असती काय?"

"थांबली नसती. म्हणूनच दुसरी पोर जाऊ नये असे मला वाटते."

राजाने आज्ञेचे पत्र बाजूला सारले. "ठीक आहे. अमावास्येपर्यंत नगराकडून नियम करवून आणा. परंतु त्याला या बाईची संमती हवी. ती नाही म्हणाली, तर माझी आज्ञा चालेल आणि पहिला दंडा तुम्ही उचलाल."

"मान्य आहे," मतिवर्धन म्हणाला.

धनिष्ठेला तो मनुष्य वेडा वाटला. तिची संमती कोण मिळवणार होते?

दुसऱ्या दिवशी छत्र नाही, सेवक नाही, असा तो तिच्या दाराशी आला आणि उंबऱ्यावर बसला. अंगणात भुरकी पडली होती. एक कान मुडपलेली ती आळीतली कुत्री चित्रेच्या मागे मागे हिंडत असे. धनिष्ठा तिला रोज ढेकूळ मारी. ती उठे, थोडी लांब जाई आणि फिरून तिथेच येऊन पडे.

"माई, नगराची सभा भरते आहे, तिला ये."

"कशाला, आर्य? कुत्र्यांचे गुणगान ऐकायला?"

"तुझे ऐकायला. तू आली नाहीस, तर चित्रेला वगळून नियम होईल. असा नियम आंधळा असतो."

पोर गेल्यापासून धनिष्ठेपुढे चित्रेचे नाव कोणी उच्चारले नव्हते.

वडाखाली सभा भरली. धनिष्ठेला पुढच्या ओळीत बसवले होते. सर्वांत आधी श्रेष्ठी कुबेरदत्त उठले. "माझ्या पित्याच्या काळापासून यक्षापुढे आमचा दहीभात जातो. पुण्यकर्मात ढवळाढवळ नको!"

"पुण्य तुमचे आणि पोटऱ्या आमच्या!" वृद्ध कुंभार मल्ल ओरडला. "तुम्ही पालखीतून जाता, श्रेष्ठी. पालखीला कुत्रे चावत नाही."

"मारा!" मागून कोणी म्हणाले.

"मारा म्हणे!" एक म्हातारी उसळली. "मग चोर आला की भुंकणार कोण? तुझा नवरा?"

"त्याच्या घोरण्यानेच चोर पळतो, आजी!"

सभा हसली आणि पुन्हा भांडू लागली. असे कित्येक दिवस चालले. मतिवर्धन सारे ऐकत होता. तो कोणाच्या बोलण्याला मान डोलवीत नाही आणि कोणाकडे पाठही फिरवीत नाही, हे धनिष्ठेने पाहिले. एकदा मल्ल कुंभार त्याच्यावरच घसरला, "तुम्ही नुसते बसून राहता!" तेव्हाही तो एवढेच म्हणाला, "आजोबा, तुमचे अजून पुरे झाले नाही. बोला."

अमावास्या जवळ आली, तेव्हा एका सकाळी लोकांनी पाहिले तो वडाखालच्या सारवलेल्या भूमीवर तांदळाच्या पिठाने अवघे नगर रेखाटलेले होते. आळ्या, विहिरी, पुष्करिणी, सारे होते. मतिवर्धनाने प्रत्येक घराला एक खडा दिला. "तुमच्या घरचा कुत्र्याचा घास जिथे पडतो, तिथे हा ठेवा."

लोक एकेक करून पुढे आले. श्रेष्ठींनी ठेवला, कुंभाराने ठेवला, म्हातारीने ठेवला. आळ्या मोकळ्याच राहिल्या. खड्यांची रास वाढत गेली ती एकाच ठिकाणी. पिठाचा चिमुकला यक्षचौक तिच्याखाली दिसेनासा झाला. मतिवर्धन बाजूला उभा राहून पाहत होता.

धनिष्ठेचा खडा मुठीत होता. तिला रोजची सकाळ आठवली : पोरीच्या कडेवर घागर, हातात पानावरचा घास, आणि आतून आपलाच स्वर, "चित्रे, पाण्याला निघालीस तर हा यक्षापुढे ठेव गं." घास तिने पाठवला होता. पोरीलाही तिनेच पाठवले होते.

ती उठली. लोकांनी वाट दिली. निजलेल्या लेकराशेजारी काही ठेवावे, तसा तिने तो खडा राशीवर ठेवला.

"कुत्री तिथे आपली आपण जमली नाहीत," ती म्हणाली. "आपण बोलावली. मीही बोलावली."

"माई, तुझ्याकडे बोट दाखवायला मी हे मांडले नव्हते."

"ठाऊक आहे, आर्य. तुम्ही बोट दाखवले असते, तर खडा माझ्या मुठीतच राहिला असता."

तेव्हा श्रेष्ठी कुबेरदत्त वाकले. त्यांनी आपला खडा राशीतून उचलून आपल्या आळीच्या टोकाशी ठेवला आणि पुटपुटले, "पितरांना तेवढे चालता येत असेल." कोणी हसले नाही, पण मागोमाग हात पुढे होऊ लागले.

नियम झाला तो त्या पिठावरच. प्रत्येक आळीने आपला घास आपल्या हद्दीत ठेवावा आणि आपल्या कुत्र्यांचा भार आपण वाहावा. पुष्करिणीच्या वाटेवर कोणी घास टाकू नये. ज्या दोन आळ्यांना कुत्री नकोच होती, त्यांचेही म्हणणे राहिले. तिथली कुत्री शेजारच्या आळ्यांनी घेतली. झुंजणारे वा लाळ गाळणारे कुत्रे दिसताच नगररक्षकाला कळवावे आणि त्याने ते कुंपणात ठेवून वैद्याला दाखवावे, असेही ठरले.

"पण आळीचे कुत्रे कोणते आणि उपरे कोणते, हे मी ओळखायचे कसे?" नगररक्षकाने विचारले.

धनिष्ठा म्हणाली, "प्रत्येक आळीचा एक रंग ठरवा. गळ्यातले पट्टे मी विणीन."

अमावास्येला राजाने तिला विचारले, "बाई, तुझी संमती आहे?"

"महाराज, माझे दुःख होते तिथेच आहे. ते दुसऱ्या कोणाच्या दारी जाऊ नये, इतके या नियमात आहे. माझी संमती आहे."

मतिवर्धनाने मूठ उघडली आणि मुद्रा उमटवली. मुद्रेच्या कडा त्याच्या तळव्यात खोल रुतल्या होत्या, हे एकट्या धनिष्ठेने पाहिले. इतके दिवस स्थिर बसलेल्या त्या मनुष्याने मुद्रेबरोबर आपला निर्णयही मुठीत धरून ठेवला होता, हे तिला तेव्हा कळले.

घरी येऊन ती मागापाशी बसली. तांबडे वस्त्र जेवढे झाले होते तेवढे तिने कापून उतरवले. त्याची एक पट्टी काढून ती अंगणात गेली. भुरकी ढेकळाच्या भयाने उठली, आणि ढेकूळ आले नाही म्हणून थांबली. धनिष्ठेने पहिला पट्टा तिच्या गळ्यात बांधला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली. दाराशी येणाऱ्या एका कुत्रीवरून तिथे कलह माजला होता. स्थविर सुदंतांनी कोणालाही न विचारता दार लावून घेतले होते, आणि भिक्षू नंदिल मागच्या वाटेने तिला घास टाकीत होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा तो सुदंत. श्रेष्ठी तो नंदिल. धनिष्ठा ती इथे बसलेली भिक्षुणी वासंती. आणि अमात्य मतिवर्धन मीच होतो."

"आणि भुरकी, भगवन्?" नंदिलाने विचारले.

"ती दाराबाहेर आहे. तिचे काय करायचे, ते मला विचारू नका, एकमेकांना विचारा."

सुदंत उठले आणि त्यांनी दार उघडले.

शेवटच्या मनुष्याचे बोलणे पुरे होईपर्यंत आपला निर्णय मुठीत धरून ठेवणे, हीच क्षांती, हाच खरा धीर. त्या जन्मी बोधिसत्त्वाने ती पाळली.