धुकाईच्या माथ्यावरचे गोटे

“या शिखरावर माझ्याआधी कुणी आलं होतं, हे सिद्ध करा! नाहीतर आजपासून धुकाईचा डोंगर माझा. नाव रणशिखर! वरच्या कुरणात तुमचं एकही जनावर चढायचं नाही!”

राजा रणधवल माथ्यावर उभा राहून गरजला. वर तो डोलीत बसून आला होता, पण सगळ्यांत जास्त धाप त्यालाच लागली होती.

“आणि साक्ष माणसाची नको. तुम्ही एकमेकांसाठी खोटं बोलाल. ऊन उतरायच्या आत साक्षीदार हजर करा!”

मागोमाग वर आलेली पायथ्याच्या वाडीची माणसं घाबरून झाडीत पसार झाली. मागे उरला एकटा म्हातारा लुमा कोकतरे. शूर म्हणून नव्हे, गुडघ्यांमुळे पळणं जमलं नाही!

पण खालचं गवत वाळलं की वाडीची गुरं या कुरणावरच जगत. म्हणून लुमानं घसा खाकरला. पुढं काय बोलायचं ते मात्र सुचेना. नेहमीचंच! त्याची बायको म्हणे, यांना सकाळी विचारावं, म्हणजे संध्याकाळी ‘हूं’ येतं.

“बोल लवकर!” राजा ओरडला.

“बोलतो, महाराज. लवकर तेवढं जमायचं नाही.”

लुमा लंगडत कडेच्या दगडांच्या ढिगाकडे गेला आणि एकमेकांना चिकटलेले दोन गोटे उचलून घेऊन आला.

“हे साक्षीदार.”

“हे? गोटे?”

“हात फिरवून बघा. कसे गुळगुळीत आहेत! असा गोटा डोंगरावर होत नाही, खाली नदीत पाण्यानं घासून होतो. आणि नदी काही डोंगर चढत नाही. मी अडाणी, पण एवढं मलाही कळतं.”

“मग वर आणले कुणी?”

“आमच्या धुकाईदेवीला नारळ लागत नाही. वर येणाऱ्यानं नदीतला एक गोटा आणून वाहायचा. ढीग बघा केवढा!”

“कालच आणून टाकला असशील!” राजाचा कारभारी खेकसला.

“मी? अहो, रिकाम्या हातानं चढताना मी सात ठिकाणी बसलो! बरं, दुसऱ्यांनी टाकला म्हणा. पण या दोन गोट्यांवर मिळून एकच दगडफूल पसरलंय. ते एवढं वाढायला माणसाचं आयुष्य जातं. या मुलखात माझ्याहून सावकाश तेवढं एकच आहे!”

राजाच्या मिशा थरथरल्या. हसू दाबत तो म्हणाला, “बरं, मी पहिला नाही. पण मग कितवा? शंभरावा की हजारावा?”

लुमा विचारात पडला. राजा ताटकळला, कारभारी ताटकळला, भोई तर खालीच बसले.

“महाराज, इथं आलेला माणूस गोट्यावरून मोजतात. तुमचा गोटा कुठाय?”

“मी कुठला आणायला?”

“मग तुम्ही अजून आलाच नाहीत!”

राजा पोट धरधरून हसला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं लुमाच्या मनगटात घातलं.

“कुरण वाडीचं, कायमचं! आणि भोयांनो, या म्हाताऱ्याला डोलीत बसवून खाली न्या. मी चालत येतो. मला नदीवर गोटा शोधायचाय!”