हैबती मध्यस्थाची सोयरीक

चिंचखोरी गावात हैबती नावाचा एक भोळा गडी होता. इतका भोळा, की उभ्या गावात त्याचं कुणाशी वाकडं नव्हतं. हल्ली कोर्टात चपला झिजवण्यापेक्षा गावातच समजुतीनं मिटवायचं वारं आलंय ना, तसं चिंचखोरीतही मध्यस्थी केंद्र निघालं. मध्यस्थाची खुर्ची हैबतीला मिळाली. त्याला आभाळच ठेंगणं झालं, पण कारण वेगळंच होतं. पलीकडच्या आळीतल्या शेवंतावर त्याचा जीव होता, तिचाही त्याच्यावर, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण तिचे वडील, रामजीतात्या, म्हणायचे की रिकामटेकड्याला पोरगी देणार नाही. आता हैबती रिकामा राहिला नव्हता.

तालुक्याहून वकीलबाई शिकवायला आल्या. त्यांनी सांगितलं, दोघे हातघाईवर आले तर आधी पाणी द्यायचं, मग वेगवेगळं बसवून एकेकाचं ऐकायचं. हैबतीनं मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी दत्तू वाण्यानं घरात चोर धरला. झोंबाझोंबी चाललेली. हैबती मध्ये पडला. दोघांना पाणी दिलं. वाण्याला ओटीवर बसवलं आणि चोराला आतल्या खोलीत, कपाटापाशी. वाण्याचं म्हणणं सावकाश ऐकून घेतलं. मग चोराचं ऐकायला आत गेला, तर चोर नाही, कपाटातली भांडी नाहीत आणि मागचं दार सताड उघडं.

वकीलबाईंनी व्हिडिओ कॉलवर कपाळाला हात लावला. चोरी कळली की बोंब ठोकून गाव गोळा करायचं असतं, त्या म्हणाल्या. बरं, म्हणाला हैबती.

मग केंद्रात विठाकाकूंच्या हरवलेल्या कोंबड्याचा वाद आला. संशय शेजारच्या गुणाजीवर. गुणाजीनं हैबतीला बाजूला घेऊन कबूल केलं, कोंबडा मीच खाल्ला, काकूंना नवा आणून देतो, फक्त बोभाटा नको. मिटलंच होतं की हो! पण चोरी कळली होती ना. हैबती पारावर चढला आणि त्यानं अशी बोंब ठोकली, की गुणाजीच्या सासुरवाडीचीही माणसं धावत आली. कोंबडा राहिला बाजूला, दोन्ही घरांतून काठ्या निघाल्या.

बाई चिडल्या. म्हणाल्या, खाजगीत सांगितलेलं पोटात ठेवायचं, सख्ख्या आईलासुद्धा सांगायचं नाही.

त्याच संध्याकाळी गिरणीपाशी शेवंता भेटली. रडवेली झाली होती. तात्यांनी रविवारी दुसरं स्थळ बोलावलंय, ती म्हणाली, त्याआधी तुझ्या आईला मागणी घालायला पाठव.  हैबतीला अन्न गोड लागेना. आईनं परोपरीनं विचारलं, काय रे होतंय तुला? ह्या शहाण्यानं ओठ घट्ट मिटले. रविवार आला, दुसरं स्थळही आलं, सुपारी फुटायची वेळ आली.

पण शेवंता खमकी. वडील आणि तो नवरामुलगा, दोघांना उठवून तिनं केंद्रात आणलं. काय ते इथंच ठरू दे, म्हणाली.

हैबतीनं घाईघाईनं बाईंना फोन लावला. एका मुलीच्या लग्नाचा वाद आलाय, म्हणाला. कुणाच्या, असं बाईंनी विचारलं. ते खाजगी आहे, हैबती म्हणाला. मग नेहमीचंच कर, बाई म्हणाल्या. त्यांचं त्यांना ठरवू दे, तू आपलं मत मध्ये घालू नकोस.

हैबती खुर्चीवर बसला. सगळ्यांचं ऐकलं. लग्न करीन तर हैबतीशीच, हा पोरीचा हट्ट बघून तात्यासुद्धा विरघळले. ह्याच्या तोंडून एकदा हो येऊ दे, पोरगी ह्यालाच देतो, म्हणाले. शेवंता पुढे झाली.

"सांग ना. तुला मी हवी आहे की नको?"

हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला मत देता येत नाही," तो म्हणाला. "तुमचं तुम्ही ठरवा."

शेवंतानं ठरवलं. रागारागानं, तिथल्या तिथं.

हैबती पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. आईला म्हणाला, शेवंताच्या लग्नाचा वाद एका बैठकीत मिटवला, दोन्ही पक्ष खूश. आई हातातलं काम टाकून उठली.

"अरे, पण त्या पोरीवर तुझाच जीव होता ना?"

"मी कुठं पक्ष होतो, आई? मी मध्यस्थ," हैबती डोळे पुसत म्हणाला. "म्हणून तर लग्नात अंतरपाट धरायचा मान मला मिळालाय."