चिवराचं दुसरं टोक

“पण तिला डोळे नाहीत, बोटं नाहीत. मग आपल्याखाली दगड आहे का लोणी, हे त्या पेशीला कळते कसं?”

भन्ते धम्मतिस्सांनी हे विचारलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात बादलीत होते. अंगावरचं एक चिवर सोडलं तर बादलीतलं हे दुसरं तेवढंच, आणि ते धुण्याचं काम ते कुणावर टाकत नसत.

शिशिर खोब्रागडे विहाराच्या पायरीवर बसला होता. आला होता भिक्खू व्हायची इच्छा घेऊन, आणि कालपासून उत्तरं देत होता पेशींबद्दलच्या प्रश्नांची. बंगळूरला त्याची स्वतःची प्रयोगशाळा होती, ह्या विषयात देशोदेशी नाव होतं. वैनगंगेकाठच्या ह्या टेकडीवर त्या नावाचं कुणालाच काही नव्हतं. ते त्याला जरा खुपत होतं.

“भन्तेजी, पेशीचं राहू द्या. माझ्या दीक्षेचं काय?”

“सांग ना पुन्हा. काल तू घाईत होता.”

शिशिरने सांगितलं. कुठल्याशा प्रयोगाचा निष्कर्ष वाचून दाखवावा तसं.

आई गेली, तेव्हा तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. फोन आला. हातातलं काम संपवून तो निघाला. ब्रह्मपुरीला पोचला, चितेसमोर उभा राहिला. शेजारी वडील हमसून हमसून रडत होते. त्याच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. त्यानंतर मोठा पुरस्कार मिळाला, त्याचंही काही वाटलं नाही. जेवण, झोप, माणसं... सगळं एकाच पातळीवर.

“मग मी पुस्तकं वाचली. तुमच्या ग्रंथांत ह्यालाच उपेक्खा म्हटलंय. सुखात आणि दुःखात मन सारखंच राहणं. लोक त्यासाठी जन्मभर साधना करतात, भन्तेजी. मला ते आपोआप आलंय.”

भन्तेंनी चिवर पाण्यात दोनदा खळबळलं.

“उपेक्खा... चांगला शब्द आहे. मराठीत आला की त्याची उपेक्षा होते.”

शिशिरला ही थट्टा वाटली. तो हसला नाही.

“हं,” भन्ते म्हणाले, “तर पेशी. दगड का लोणी, कसं कळते?”

त्यांच्या डोळ्यांत खरोखरची उत्सुकता होती. वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत असते तशी. शिशिरला बोलावंच लागलं.

“ती ओढून बघते.”

“ओढून?”

“तिच्या कातडीतून आरपार गेलेली प्रथिनं असतात. बाहेरच्या टोकाने ती जमीन धरतात. आतल्या टोकाला पेशीच्या दोऱ्या बांधलेल्या असतात. पेशी ह्या दोऱ्या सारख्या आत खेचत असते. जमीन मऊ असली तर ती ओढीबरोबर सरकत येते, ताण काही बसत नाही. कठीण असली तर हलत नाही. मग सगळा ताण त्या पकडीवर येतो.”

“आणि पकड सुटते.”

“नाही!” शिशिर नकळत पुढे सरकला. “तीच तर गंमत आहे. दोरी आणि पकड ह्यांच्यामध्ये टॅलिन नावाचं एक प्रथिन असतं. घड्या घालून ठेवलेलं. ताण बसला की त्याच्या घड्या उलगडतात. आत झाकलेल्या जागा उघड्या पडतात. तिथे दुसरी प्रथिनं येऊन बसतात, आणखी दोऱ्या जोडतात. पकड घट्ट होते.”

“म्हणजे ताणानं घट्ट होते?”

“हो. अतोनात ओढलं तर तुटेलच. पण बेताच्या ओढीने घट्ट होते. आणि ती ओढ आत कुठवर जाते म्हणता? पार पेशीच्या केंद्रापर्यंत. शेजारच्या पेशीपर्यंतसुद्धा. एकीने ओढलं की दुसरीला कळतं, कारण त्याही एकमेकींना धरून असतात.”

“अरे वा...” भन्ते हात तसेच पाण्यात ठेवून थांबले. “आणि तिचं ओढणंच थांबवलं तर?”

“थांबवतो ना आम्ही. औषध देऊन. ती मरत नाही, जिवंतच असते. फक्त ओढत नाही.”

“मग तिला काय कळते?”

“काहीच नाही. दगडावर ठेवा, लोण्यावर ठेवा. तिला सगळं सारखं...”

शिशिर बोलता बोलता थांबला.

बादलीच्या काठावरून पाणी ठिबकत होतं...

मग त्यांनी ओलं चिवर बाहेर काढलं, एक टोक स्वतःच्या हातात ठेवलं आणि दुसरं पुढे केलं.

“पिळायचं आहे. धर.”

शिशिर उठला. टोक धरलं, कुणाची वस्तू थोडा वेळ सांभाळावी तसं. भन्तेंनी पीळ दिला आणि खेचलं. चिवर त्याच्या हातातून सटकलं आणि धुळीत पडलं.

“माफ करा, भन्तेजी.”

भन्तेंनी ते उचललं, परत धुतलं. पुन्हा टोक पुढे केलं.

“नुसतं धरू नको. ओढ.”

शिशिरने ओढलं. समोरून भन्तेंनी ओढलं. कापड ताणलं गेलं, पाण्याची धार लागली. आणि त्या ताठ कापडातून काहीतरी त्याच्या तळव्यात आलं... बारीक, अखंड.

“तुमचा हात थरथरतोय.”

“डावा. झाली दोन-तीन वर्षं.”

“मला दिसलं नाही. कालपासून तुमच्या समोरच बसलोय मी.”

भन्ते पीळ देत राहिले. शिशिरने टोक सोडलं नाही. कापडाकडेच बघत तो म्हणाला,

“बाबांनी माझं मनगट धरलं होतं. चितेसमोर.”

“हं.”

“किती घट्ट धरलं होतं, ते आठवत नाही मला... काहीच आठवत नाही.”

त्याचा आवाज फाटला. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

भन्तेंनी चिवर त्याच्या हातातून हलकेच घेतलं, झटकलं, दोरीवर टाकलं. कापडावरच्या सुरकुत्या हातांनी सारख्या केल्या.

“दीक्षा देणार का, भन्तेजी?”

“वडिलांना विचारलं?”

“नाही.”

“आई-वडिलांनी हो म्हटल्याशिवाय देता येत नाही. जुना नियम आहे.”

“ते नाही म्हणतील.”

“नाही म्हणाले तर भांडून ये, मग आपण बोलू.” भन्तेंनी बादली उपडी केली. “लगेच हो म्हणाले, बाबू... तर त्यांनीही ओढणं सोडलं समज. मग मात्र तिथंच राहा.”